गारव्याची पाळी

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत गारव्याची पाळी असायची. नळाच्या पाण्याची असते तशीच. नळाची पाळी पालिका ठरवायची आणि ही आमचे घरमालक ठरवायचे.

लातूरच्या त्या गल्लीत मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी कॉलेजात शिकवून परतलो तर अंगणातल्या कडुलिंबाखाली जुनी पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा वर, आणि मागच्या सीटवर एक वयस्कर बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, मान मागे टाकून, डोळे मिटून पडलेल्या. गाडीपासून चार हातांवर लाकडी खुर्चीत मालक बसले होते. त्यांच्यासमोर दोन विटांच्या फटीत खोचलेली उदबत्ती जळत होती. ते सगळं मिळून असं काही दिसत होतं की मी चपला काढून उभा राहिलो.

"काय झालं यांना?" मी हळू विचारलं.

मालक काही बोलायच्या आत गाडीची काच बोटभर खाली आली. "उदबत्ती जळतीय अजून," आतून आवाज आला. "मी मेले न्हाई, माडीवाले. चपला घाला, पाय पोळतील." आणि काच पुन्हा वर गेली.

"पाळी चालू हाय त्यांची," मालक म्हणाले. "तुमची उद्या."

त्या बाई म्हणजे काकू. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात त्या एकट्या राहायच्या आणि शाळेत पोरांची खिचडी रांधायच्या.

मालक गेल्या हिवाळ्यात गेले. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, खुर्चीतच. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात बरीच माणसं बोलली. कुणी त्यांच्या सचोटीबद्दल बोललं, कुणी समाजासाठी त्यांनी काय केलं ते सांगितलं. सगळं खरं होतं. मी मागे बसून ऐकत होतो आणि मला एकसारखी ती उदबत्ती दिसत होती, भर उन्हात, जिचा धूर सुद्धा दिसत नसे.

घड्याळ लावलं की माणसं भांडतात, असं मालकांचं मत होतं. तुमचं घड्याळ पुढं, माझं मागं. उदबत्तीशी कुणी भांडत नाही. वारा असला की ती भराभर जळायची आणि त्या दिवशीच्या पाळ्या आखूड व्हायच्या. ते लोक निमूट मान्य करायचे. वाऱ्याला काय बोलणार. एखाद्या दिवशी पान हलायचं नाही, तेव्हा उदबत्ती लांबत राहायची आणि आत बसलेल्याला वाटायचं की आपल्यावर कुणाची तरी मर्जी झाली आहे.

गाडीतल्या एसीच्या गारव्यात बसायचे नियम थोडे होते. मोबाइल बाहेर ठेवायचा. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. पुढच्या सीटवर बसायचं नाही. झोपलं तर चालेल, रडलं तर चालेल. समोरच्या घरातलं नवराबायकोचं जोडपं तिथं भांडायला यायचं. काचा बंद असल्याने आवाज येत नसे, फक्त हात हललेले दिसायचे. उदबत्ती विझेपर्यंत भांडण बहुधा मिटलेलं असे, कारण आतल्या गारव्यात फार वेळ रागावून राहता येत नाही. मी पुस्तक घेऊन बसायचो. पहिल्या एकदोन पानांनंतर अक्षरं नुसती पाहत राहायचो. काचेबाहेर कडुलिंबाची सावली हलायची, मालक खुर्चीत बसलेले दिसायचे, आणि हे सगळं पाण्याखालून बघतोय असं वाटायचं.

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. उमरी, हिमायतनगर, निलंगा, असे जिथं जिथं बदली होईल तिथं कालव्यावर राहिले. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं असतात ते आधी पाणी ओढून घेतात, आणि अगदी शेवटच्या शेतापर्यंत, म्हणजे टेलला, ओलही पोचत नाही. मालकांचा हट्ट असा की पाणी आधी टेलला. तोंडावरचे लोक चिडायचे, वरपर्यंत जायचे, आणि मालकांची बदली व्हायची. नव्या गावात ते पुन्हा टेलपासून सुरुवात करायचे. "टेलला पोचलं तर सोडलं म्हणायचं," एवढंच ते कुणालाही सांगायचे. त्यामुळे गारव्याची पहिली पाळीही गल्लीच्या शेवटच्या घराची, म्हणजे काकूंची.

"काय पाटकरी साहेब, आज किती सोडणार?" काकू फाटकातूनच विचारायच्या.

"मी पाटकरी न्हाई. सेक्शनला साहेब होतो."

"असंल की. पाटावर बसून दुसऱ्याचं पाणी राखतो त्याला आमच्याकडं पाटकरीच म्हणत्यात."

मालक हसायचे नाहीत. उदबत्ती पेटवायचे. पण ती पेटवताना त्यांचा खालचा ओठ दाताखाली गेलेला असे.

काकूंची पहिली पाळी नुसत्या नियमापोटी नव्हती. तरुणपणी स्टोव्हच्या भडक्यात त्यांची पाठ, मान आणि दोन्ही दंड भाजले होते. भाजून बऱ्या झालेल्या कातडीला घाम येत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. "तुम्ही घाम पुसता आन् वैतागता," त्या मला म्हणाल्या होत्या. "मला कुणी एक वाटी घाम दिला तर मी त्याच्या पाया पडंन." दुपारची ती एक पाळी मिळाली की रात्रीपर्यंत त्यांचा निभाव लागायचा.

माझी आई गेल्याचा फोन उमरीहून आला तो असाच पाळीच्या वेळी. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा होतो. खाली यायचं की वर जायचं ते कळत नव्हतं. मालकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.

"काकू, उतरा."

पाळी मध्येच मोडलेली मी तेवढी एकदाच पाहिली. काकूंनी का म्हणून विचारलं नाही. उतरल्या, आपला टॉवेल झटकला आणि दार माझ्यासाठी धरून उभ्या राहिल्या. मी आत बसलो. मालकांनी उदबत्ती लावली नाही. ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधून, म्हणजे फाटकातून कुणी डोकावलं तरी त्याला आधी ते दिसावेत. मी किती वेळ रडलो मला माहीत नाही. नंतर त्यांनी पुढचं दार उघडलं, स्टिअरिंगवर बसले आणि विचारलं, "उमरी ना?"

अहमदपूर, लोहा, नांदेड, मग उमरी. साऱ्या वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त रस्त्यात कालवा आडवा आला की उजवा हात किंचित उचलायचे, ओळखीचा माणूस दिसल्यावर उचलतात तसा. कालवा कोरडा असला तरी.

परतताना, काही दिवसांनी, ते मला न्यायला आले तेव्हा मात्र बोलले. बाहेर भगभगीत ऊन होतं आणि आत तो गारवा.

"सर, ह्या गाडीत एकच गोष्ट अशी हाय की खर्च होत न्हाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पेट्रोल जळतं. टायर झिजतं. हा एसीचा गॅस मात्र पायपात बंद हाय. पुढं जातो, दाबला जातो, निवतो, फिरून परत जागेवर येतो. बाईंनी भरून आणला तोच अजून फिरून राहिला." मग बऱ्याच वेळाने, लोहा मागे पडल्यावर, म्हणाले, "मी जन्मभर पाणी सोडलं. सोडलेलं पाणी परत आलेलं कधी बघितलं न्हाई."

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या निलंग्याच्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे आणि मालकही तसंच म्हणायचे. मी राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. गाडी त्यांची. त्याच चालवायच्या. मालक शेजारी बसून रस्त्याकडे बघायचे. त्यांना गाडी चालवता यायची नाही, ती ते बाई गेल्यानंतर शिकले. बाईंच्या शेवटच्या उन्हाळ्यात एसी मंदावला होता. त्या एकट्याच गाडी घेऊन नांदेडला गेल्या, तिथल्या एसीचं काम करणाऱ्या एका उस्तादाकडून काम करवून संध्याकाळी परतल्या, आणि अंगणात दार उघडून म्हणाल्या, "बसा. गॅस भरून आणलाय." मालक बसले. पुढच्या उन्हाळ्यात बाई नव्हत्या, आणि गॅस होता.

त्या जुन्या गॅसचा त्यांना अभिमान होता. बाईंनी भरलेला म्हणून होताच, शिवाय तो जुना म्हणूनही. आमच्या प्राचार्यांनी नवी गाडी घेतली आणि एकदा आम्हा दोघांना स्टेशनपर्यंत सोडलं. घरी आल्यावर मालक म्हणाले, "पातळ हाय."

"काय?"

"गारवा. नव्या गॅसचा गारवा पातळ असतो. कातडीवरून वाहून जातो. आपला घट्ट हाय. आत उतरतो." मग त्यांनी काकूंना बोलावून साक्ष काढली. काकू म्हणाल्या, "घट्टच हाय बाबा. चमच्यानं खावा असा." हे ते पुढे कित्येकांना सांगायचे, काकूंनी गंभीरपणे दिलेला अभिप्राय म्हणून.

मग एका उन्हाळ्यात तो घट्ट गारवा सैल व्हायला लागला.

सुरुवातीला आम्हाला वाटलं ऊनच जास्त आहे. मग वाटलं सावली सरकली असेल. शेवटी मालक मला घेऊन लातुरातल्याच एका एसीवाल्याकडे गेले. तो कामात होता. मालकांनी बसल्याजागी गाडीचं मॉडेल सांगितलं तसा तो मान हलवायला लागला.

"हिच्यात बारा नंबरचा गॅस असतोय. तो आता बनतच न्हाई. वर आभाळाच्या थराला खात होता म्हणून बंद केला सगळ्या जगात."

"मग?"

"नवा घालायचा, एकशे चौतीस नंबरचा. पण तसा वरून ओतून जमत न्हाई. जुना सगळा काढावा लागतो. आतलं तेल बदलायचं, रबराच्या रिंगा बदलायच्या, गॅस भरायची तोंडं बदलायची. दिवसाचं काम हाय. बघू का उघडून?"

"नको," मालक म्हणाले.

"अहो, बघू तर द्या."

"बॉनेटला हात लावू नका."

 त्या आठवड्यात मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक उघडलं. त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. घरात बाईंच्या साड्या होत्या, चष्मा होता, भिंतीवर फोटो होता. सगळं जागच्या जागी, हलत नसलेलं. त्या पायपातलं तेवढं हलत होतं.

पाळी त्यांनी बंद केली नाही. तो उन्हाळा आणि पुढचाही, रोज दुपारी गाडी सुरू व्हायची, उदबत्ती लागायची. आत नुसता पंख्याचा वारा, कोमट. लोक भिडेखातर येऊन बसायचे आणि उदबत्ती अर्धी असतानाच काहीतरी काम आठवून उतरायचे. भांडणारं जोडपं घरीच भांडायला लागलं. मी पुस्तक घेऊन जायचो, पण घामाने पानं बोटांना चिकटायची. हळूहळू अंगण रिकामं झालं. काकू मात्र रोज यायच्या.

"बरं वाटतंय का?" मालक विचारायचे.

"हाव. लई."

मला दिसायचं की उतरताना त्या दाराला धरून थांबतात आणि गळ्याशी टॉवेल पिळून घेतात. त्यातून आलेलं पाणी गरम असायचं. एकदा मी त्यांना फाटकाशी गाठून म्हणालो, "काकू, कशाला येता? उगाच जीवाला त्रास."

"मग कुणी यायचं? त्यो माणूस खुर्ची टाकून बसतो उन्हात. एक तरी माणूस गाडीत नको का?"

दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाख तापलेला असताना, काकू त्यांच्या चुलीपुढे पडल्या. शेजारच्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं. ताप इतका चढला होता की त्या दोन दिवस कुणाला ओळखत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, अशा कातडीच्या माणसाला उन्हाळ्यात दिवसातून थोडा वेळ तरी थंड जागा पाहिजेच, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. मालक पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. टोपी हातात. काकूंनी त्यांना ओळखायला वेळ घेतला, की घेतल्यासारखं केलं, ते सांगता येत नाही.

"पाटकरी," त्या म्हणाल्या. या वेळी पुढे साहेब नव्हतं. "टेल कोरडी पडली तुमची."

मालकांनी टोपी घातली आणि ते बाहेर आले.  दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांनी मला विचारलं, "सर, नांदेडला कवा जाता येईल?"

काकू घरी येऊन जराशा सावरल्यावर आम्ही गेलो. त्याही आल्या. नांदेडच्या दवाखान्यात त्यांचं भाजल्याचं जुनं उपचारपत्र होतं, तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. पहाटे थंडाव्यात निघालो, काचा खाली करून. दाखवून झालं तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. उस्तादांचं गॅरेज एका जुन्या गोदामात होतं, उंच पत्र्याचं, दोन्ही टोकांना मोठे कूलर. उस्ताद मेंदी लावलेल्या दाढीचे, सावकाश बोलणारे. काकूंना त्यांनी कूलरसमोर खुर्ची दिली.

"जुना गॅस काढायचा आहे," मालक म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटेत पाठ केलं असावं. "आणि नवा भरायचा."

उस्तादांनी बॉनेट उघडलं, हातातली बॅटरी लावली आणि आत बघत राहिले. मग फडकं घेऊन काहीतरी पुसलं.

"जुना कुठला, साब?"

"बारा नंबर."

"हिच्यात बारा नंबर न्हाई."

"हाय. मला माहीत हाय."

"इकडं या साब. हे तोंड बघा. बारा नंबरला आट्याचं तोंड असतंय, फिरवून बसवायचं. हे चापाचं हाय, दाबून बसतंय. हे नव्या गॅसचं." त्यांनी बोटाने एक पितळी टोपण फिरवलं. "आन् हे माझंच काम हाय. प्लास्टिकचं टोपण आपल्या उन्हात तडकतंय म्हणून मी पितळेचं लावतो. नांदेडात दुसरं कोणी लावत न्हाई. ही गाडी कवाच बदललीय, साब."

मालकांनी बॉनेटच्या कडेला धरलं. "शक्य न्हाई," ते म्हणाले, पण तो आवाज वाद घालणाऱ्याचा नव्हता.

उस्ताद गाडीच्या पुढून मागे फिरले, नंबर पाहिला, परत आले. "एक बाई आल्या होत्या लातूरहून. खुद चलाके. मास्तरीण होत्या. सारा दिवस ह्याच खुर्चीत बसून वह्या तपासत होत्या." काकू खुर्चीतून उठायला लागल्या. मालकांनी हातानेच त्यांना बसा म्हणून सांगितलं.

"मी त्यांना बोललो," उस्ताद म्हणाले, "की बाई, जुन्या गाडीत नवा गॅस टाकला की थंड जरा कमी होतंय. त्या म्हणाल्या, होऊ द्या. साहेबांना कळणार न्हाई. फक्त त्यांना सांगू नका, त्यांना बदललेलं काही सोसत न्हाई."

"एवढी घाई कशाला होती तिला?" मालकांनी विचारलं. बाईंना ते तिला म्हणाले हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणाल्या, जुना गॅस पुढं मिळायचा न्हाई, आन् हे अडकून बसतील. मी आहे तोवर करून टाका."

कूलरच्या बाजूने आवाज आला. काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या, भाजलेले खांदे हलत होते. "घट्ट," त्या म्हणाल्या. "आत उतरतो म्हणे."

मला वाटलं मालक दुखावतील. ते नळाकडे गेले, बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले, परत आले तेव्हा सगळा शर्ट भिजला होता. "चमच्यानं खावा असा कोण म्हणालं होतं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुमचं मन मोडू न्हाई म्हणून म्हणाले. दुसरं काय म्हणणार."

उस्तादांनी तोवर गळती शोधली होती. एका सांध्याची रिंग गेली होती. "आत थोडा उरलाय," ते म्हणाले. "तो काढल्याशिवाय सांधा खोलता येत न्हाई. काढू?"

म्हणजे ते पुन्हा तिथंच आलं. जुना असो की नवा, आत होता तो बाईंनी भरलेलाच होता. आता तर त्यांनी स्वतः निवडलेला. मालकांनी विचारलं, "तोच परत घालता येईल?"

"ओल शिरलीय त्यात, साब. आमच्या टाकीत ओढून घेतो. हवेत सोडत न्हाई आम्ही. तिथं दुसऱ्या गाड्यांचा पण असतो. साफ होऊन मग कुणाच्या तरी गाडीत जातो."

"कुणाच्या?"

"आता काय सांगू. टॅक्सी येते, डॉक्टरची येते, नवरदेवाची येते."

 गोदामात कूलरचा आवाज तेवढा. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं आणि एकही शब्द योग्य वाटत नव्हता. काकूंना ती अडचण नव्हती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "बाईंनी जन्मभर दुसऱ्याची पोरं शिकवून दुसऱ्याच्या घरी लावून दिली. एक गॅस जाईल तिकडं. तुम्ही कशाला तोंडावर बांध घालून बसलात?"

मालकांनी काकूंकडे पाहिलं. मग उस्तादांना म्हणाले, "ओढा."

उस्तादांनी नळी जोडली. मालकांनी तिच्यावर तळहात ठेवला. यंत्र सुरू झालं. घड्याळासारख्या काचेआडचा काटा खाली यायला लागला, आणि काटा टेकेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. नंतर त्या हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी तो शर्टच्या खिशात घालून पाहिला, मग काढून नुसता सोडून दिला.

सांधा बदलला. मग आतली हवा काढायचा पंप लागला. नवा गॅस भरण्याआधी पाईप पूर्ण रिकामा व्हावा लागतो, आणि काही काळ रिकामाच ठेवून बघावा लागतो, की कुठून काही आत येत तर नाही. ती दुपार मला फार लांब आठवते. पंपाची गुणगुण, पत्र्याच्या भोकांतून जमिनीवर पडलेले उन्हाचे रुपये, त्यांचं सरकणं. उस्ताद नमाजाला जाऊन आले. काकू पेंगत होत्या. मालक गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभे होते, आत हात न घालता, नुसते बघत, एखाद्याचं नुकतंच झाडलेलं घर बघावं तसे.

निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लोहा येईपर्यंत आतली हवा गार झाली. ती घट्ट होती की पातळ, कुणी काही म्हणालं नाही. मागच्या सीटवर काकूंनी डोक्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. अहमदपूरच्या आधीच त्यांचं डोकं काचेला टेकलं. तोंड किंचित उघडं, श्वास खोल. दवाखान्यातून आल्यापासून त्या नीट झोपल्या नव्हत्या, रात्री ओल्या फरशीवर कूस बदलत राहायच्या, असं शेजारचे सांगत होते.

चाकूर गेलं. लातूर आलं. आमच्या गल्लीचं वळण आलं. मालकांनी आरशात मागे पाहिलं, आणि वळण गेलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

शहर संपलं आणि आम्ही निलंग्याच्या रस्त्याला लागलो. बाईंचा रोजचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, त्यावर उतरतीचं पिवळं ऊन. एक एसटी समोरून आली आणि गेली, तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचलाच नाही. मालक अगदी संथ चालवत होते, खड्डा आला की एखादं भरलेलं भांडं हातात असल्यासारखे. निलंगा आलं. शाळेची लांबट कौलारू इमारत एका बाजूने दिसली आणि मागे राहिली. त्यांनी मान वळवली नाही. पुढे रस्ता अरुंद झाला, रहदारी विरळ झाली. मला वाटलं आता ते कुठेतरी थांबतील, पण ते थांबले नाहीत, आणि मलाही ते थांबू नयेत असं वाटत होतं.

काकूंना जाग आली तेव्हा पश्चिमेला नुसता लाल पट्टा उरला होता. त्यांनी काचेबाहेर पाहिलं.

"हे लातूर न्हाई."

"न्हाई," मालक म्हणाले. "तुम्ही झोपला होता."

"कुठवर आणलं मला?"

"निलंगा गेलं मागं."

 काकूंनी घडी केलेला टॉवेल उशाशी घेतला आणि पाय सीटवर ओढले.

"मग एवढ्यात वळवू नका," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मालकांनी वळवली नाही. थोड्या वेळाने दिव्यांच्या उजेडात येणाऱ्या पाट्यांवर मराठीच्या जोडीला कानडी अक्षरं दिसायला लागली, ती गोल गोल, मला न वाचता येणारी. मालकांनाही ती वाचता येत नव्हती. तरी प्रत्येक पाटी जवळ आली की ते गाडी जराशी हळू करायचे आणि ओठ हलवत ती नीट वाचल्यासारखं करून पुढे जायचे.